केडगावच्या माळावरची आई

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सोलापूरहून पुण्याला आपण आयुष्यात किती वेळा जातो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. मुलाचं कॉलेज, मोठा दवाखाना, लग्नाची बोलणी, काही ना काही काम निघतंच. कुर्डुवाडी मागे पडते, उजनीचं पाणी खिडकीतून दिसतं, दौंडला चहावाले डब्यात चढतात. दौंड सोडलं की थोड्याच वेळात एक स्टेशन येतं. बऱ्याच जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. पिवळ्या पाटीवरचं नाव वाचेपर्यंत स्टेशन मागे गेलेलं असतं. ते स्टेशन म्हणजे केडगाव.

आज मला एका आईविषयी बोलायला सांगितलं आहे. ती उदार असावी, तिनं जग पाहिलेलं असावं आणि तिनं स्वतःच्या हिमतीवर उद्योग उभा केलेला असावा, अशी अपेक्षा आहे. असं म्हटल्यावर मला दुसरं कोणतंही नाव सुचलं नाही. आपल्याच रेल्वेमार्गावर, या केडगावच्या माळावर, शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी अशी एक बाई राहत होती. पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर दोन ओळी असतात, त्या आपण परीक्षेपुरत्या पाठ करतो. विदुषी, समाजसुधारक आणि 'ख्रिस्ती झाल्या' एवढ्यावर आपली ओळख संपते. पण ही बाई एका मुलीची आई होती, हजारो मुलींची आई झाली, आणि त्या मुलींच्या पोटासाठी तिनं शेती, माग, छापखाना असा केवढा तरी कारभार चालवला, हे आपण विसरतो. आज तेवढंच सांगायचं आहे.

सुरुवात रमाबाईंच्या आईपासून करावी लागेल.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मंगळूर भागातले चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. पुण्यात शिकत असताना पेशव्यांच्या घरातली एक बाई संस्कृत शिकते आहे, हे त्यांनी पाहिलं आणि ते त्यांच्या मनात राहिलं. पुढे त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतलं. त्या काळात ही गोष्ट सहन होण्यासारखी नव्हती. विरोध झाला, तेव्हा त्यांनी गाव सोडलं आणि पश्चिम घाटात गंगामूळच्या रानात आश्रम थाटला. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

काही महिन्यांतच आश्रम मोडला, आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते जन्मभरासाठी. देवळाच्या ओवरीत, पारावर बसून पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर राहायचं आणि पुढचं तीर्थ गाठायचं. वडील म्हातारे झाले होते, म्हणून मुलीला शिकवण्याचं काम आईकडे आलं. घरचं काम, पाहुणेरावळे यांतून लक्ष्मीबाईंना दिवसा वेळ मिळत नसे. म्हणून पाखरं उठायच्या आत त्या लेकीला उठवत, मांडीशी घेत आणि श्लोक म्हणून घेत. रमाबाईंनी पुढे हे फार जिव्हाळ्यानं लिहून ठेवलं आहे. अमेरिकेत १८८७ मध्ये त्यांचं गाजलेलं इंग्रजी पुस्तक निघालं, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं. ते त्यांनी अर्पण केलं आहे आपल्या आईच्या स्मृतीला.

मग दुष्काळ आला. १८७० नंतरच्या त्या दशकात दक्षिणेत जे दुष्काळ पडले, त्यांची झळ आपल्या सोलापूरलाही बसली होती. या कुटुंबाजवळचं सगळं संपलं. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. आई अंथरुणावर असताना रमाबाई शेजारच्या घरी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेल्या. शरमेनं त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना. भाकरी मिळाली, पण आईच्या घशाखाली ती उतरण्याची वेळ निघून गेली होती. तिरडी उचलायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथा खांदा रमाबाईंचा. त्या उंचीनं ठेंगण्या, खांदा पुरेना. म्हणून त्यांनी आईची तिरडी डोक्यावर घेतली आणि स्मशान गाठलं.

श्रोतेहो, या प्रसंगानं मी नेहमी अस्वस्थ होते. पण रमाबाईंनी त्यावर केवळ अश्रू ढाळले नाहीत, त्यातून एक निष्कर्ष काढला. त्यांनी लिहिलं आहे त्याचा मतितार्थ असा, की आम्हाला हजारो श्लोक पाठ होते, पण हातानं करायचं एकही काम येत नव्हतं. मजुरी करायची लाज, भीक मागायची लाज, आणि कसब काही नाही. म्हणून घरातली माणसं उपाशी मेली. त्यांनी पुढे चाळीस वर्षं जे केलं, त्याचं मूळ मला या कबुलीत दिसतं. मुलीला अक्षर तर आलंच पाहिजे, पण तिच्या हाताला काम आलं पाहिजे.

बहीणभाऊ पायी फिरत राहिले. काश्मीरपासून बंगालपर्यंत हजारो मैल. १८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या देऊन तिचा गौरव केला. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. १६ एप्रिल १८८१ रोजी मुलगी झाली. तिचं नाव मनोरमा, लाडानं 'मनो'. दहा महिन्यांत, ४ फेब्रुवारी १८८२ रोजी, पटकीनं बिपिनबाबू गेले. तेविसाव्या वर्षी कडेवर तान्ही मुलगी, माहेर नाही, सासरचा आधार नाही.

आपल्याकडे अशा बाईचं त्या काळी काय होत असे, हे सांगायला नको. आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी बालकाश्रम काढला, तो का काढावा लागला? विधवांची मुलं टाकून दिली जात होती, म्हणून. तीर्थाच्या गावी बाया येत आणि मूल ठेवून जात. रमाबाईंनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्या लेकीला घेऊन पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि सरकारनं नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष देताना ठासून सांगितलं, की या देशाला स्त्री शिक्षक हव्यात आणि स्त्री डॉक्टर हव्यात.

मग त्यांच्या मनात आलं, आपणच डॉक्टर का होऊ नये? इंग्लंडला जायचं ठरलं. पैसे कुठून आणायचे? त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे मराठी पुस्तक लिहिलं, विकलं आणि त्या पैशातून प्रवासखर्चाची सोय केली. हा त्यांचा पहिला व्यवहार म्हणायला हरकत नाही. देणगीच्या याचनेनं नव्हे, स्वतःच्या श्रमानं तयार केलेली वस्तू विकून त्यांनी समुद्र ओलांडला. १८८३ साल होतं, त्या पंचवीस वर्षांच्या होत्या आणि मनो दोन वर्षांची.

इंग्लंडमध्ये वाँटेज गावी भगिनींच्या मठात त्या राहिल्या. कानांनी कमी ऐकू येऊ लागलं, त्यामुळे वैद्यकीचं शिक्षण राहून गेलं. तिथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. या बातमीनं महाराष्ट्र हादरला, आणि खरं सांगायचं तर तो धक्का अजून पुरता ओसरलेला नाही. पण धर्म बदलला म्हणून बाई कोणाच्या ताब्यात गेली, असं झालं नाही. शाकाहार त्यांनी सोडला नाही, लुगडं सोडलं नाही. धर्मगुरूंनी सांगितलं म्हणून कोणतंही मत त्या मान्य करत नसत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या प्रेमानं 'आजीबाई' म्हणत, पण त्याच आजीबाईंशी त्यांनी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. ती पत्रं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं १९७७ मध्ये छापली आहेत. त्या वादात मनोरमेच्या वाढीचा प्रश्नही होता. मुलीला काय शिकवायचं, हे तिची आई ठरवेल, असं रमाबाईंचं म्हणणं. आपली मुलगी हिंदुस्थानची लेक आहे, हे सांगताना तिला कधी लाज वाटू नये, याची त्यांना फार काळजी होती. परक्या देशात, परक्यांच्या आश्रयाला असताना असं स्पष्ट बोलायला किती धैर्य लागत असेल, याचा विचार करा.

१८८६ मध्ये अमेरिकेचं बोलावणं आलं. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या. पदवीदान ११ मार्चला होतं. रमाबाईंशी त्यांचं नातं होतं. त्या समारंभाला थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई अमेरिकेत अडीच वर्षांहून जास्त राहिल्या. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत, वर कॅनडातही, गावोगाव व्याख्यानं दिली. बालवाडीची पद्धत शिकून घेतली. गुलामांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांची भेट घेतली. आणि हे सगळं परत आल्यावर मराठीत लिहून काढलं. १८८९ चं त्यांचं अमेरिकेचं प्रवासवर्णन वाचलं तर कळतं, की ही बाई डोळे दिपून गेलेली नाही. तिथल्या बायकांच्या संस्था कशा चालतात, हे ती कौतुकानं सांगते, आणि तिथल्या मूळ रहिवाशांवर आणि काळ्या लोकांवर काय अन्याय झाला, तेही सांगते.

आता त्यांची व्यवहारबुद्धी पाहा. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. त्यांनी एखाद्या धनिकाकडून एकच मोठी रक्कम घेतली नाही. गावोगावी मंडळं केली. प्रत्येक सभासदानं वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा, आणि असा दहा वर्षं द्यायचा. दरवर्षी कामाचा अहवाल छापून सभासदांना जायचा. आज आपल्याकडे बचत गटाची बाई महिन्याला ठरलेली रक्कम भरते आणि हिशेबाची वही सगळ्यांसमोर उघडी ठेवते, त्यामागची समज यापेक्षा वेगळी नाही. थोडं थोडं, पुष्कळांकडून, नेमानं आणि चोख हिशेबानं.

या दौऱ्यात एक गोष्ट मात्र त्यांना मोजावी लागली. पाच वर्षांच्या मनोला बरोबर घेऊन गावोगाव फिरणं शक्य नव्हतं. तिला परत इंग्लंडला भगिनींकडे पाठवावं लागलं. दुसऱ्यांच्या मुलींसाठी घर बांधायला निघालेल्या आईची स्वतःची मुलगी वर्षानुवर्षं परक्या घरी वाढत होती. कामासाठी घराबाहेर पडणाऱ्या बायका हे सगळं ओळखतात. बिडीच्या कारखान्यात माल द्यायला निघालेली आई असो की परगावी बदली झालेली शिक्षिका, उंबऱ्यात तिचा पाय क्षणभर अडतोच. मोठी माणसं याला अपवाद असतात, असं समजण्याचं कारण नाही.

रमाबाई १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीवर त्यांनी शारदा सदन उघडलं. पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई जोशी. हीच गोदूबाई पुढे ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली. अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या कामाची कल्पना आपण त्या बाईंशिवाय करू शकत नाही. म्हणजे महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाचं एक मोठं झाड ज्या रोपातून वाढलं, ते शारदा सदनाच्या वाफ्यातलं होतं. आपण झाडाची सावली घेतो आणि वाफा विसरतो.

सदन १८९० मध्ये पुण्याला आलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. पण मुलींना ख्रिस्ती केलं जातं, असा आरोप सुरू झाला, 'केसरी'नं टीकेची झोड उठवली. रमाबाईंचं म्हणणं असं, की मी कोणावर सक्ती करत नाही, पण माझ्या खोलीत मी प्रार्थना करते तेव्हा दार लावून घेत नाही. ज्याला यायचं त्यानं यावं. विरोधकांचं म्हणणं असं, की आईच्या जागी असलेल्या बाईचं उघडं दार हेच मोठं आमंत्रण असतं. दोन्ही बाजूंना काही अर्थ आहे, हे आज इतक्या वर्षांनी आपण शांतपणे म्हणू शकतो. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेलं. संस्था बंद पडेल, असं सगळ्यांना वाटलं. ती बंद पडली नाही.

आणि आता आपण केडगावला आलो.

अमेरिकेतल्या मंडळींचं वचन दहा वर्षांचं, म्हणजे १८९८ पर्यंतचं. त्यानंतर काय? दुसरा कोणी असता तर पुन्हा झोळी घेऊन निघाला असता. रमाबाईंनी आधीच विचार करून ठेवला होता. त्यांनी केडगावला रेल्वेच्या जवळ सुमारे शंभर एकर जमीन घेतली. तिथे फळबाग लावायची, विहिरी खोदायच्या, आणि बागेच्या उत्पन्नावर सदन चालवायचं. माळरान, पाऊस कमी, माती साधारण. आपण सोलापूरचे लोक, अशा जमिनीत फळझाड जगवणं म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगायला नको.

बाग फळावर येण्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंना आपला जुना दुष्काळ आठवला. त्या मध्य प्रांतात गेल्या. रस्त्याकडेला पडलेल्या, धर्मशाळांतून कोणाच्या तरी हाती लागायच्या बेतात असलेल्या मुली त्यांनी गोळा केल्या. सुमारे तीनशे. पुण्यात तेव्हा प्लेग होता, इतक्या मुली शहरात ठेवायला मनाई झाली. तेव्हा त्यांनी मुलींना केडगावच्या बागेत नेलं. राहुट्या ठोकल्या, झाप उभारले. असं 'मुक्ती सदन' सुरू झालं. त्याच वर्षी पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळांत बायकांना कसं वागवलं जातं, याविषयी त्यांनी वर्तमानपत्रात खरमरीत पत्र लिहिलं आणि त्याची चर्चा थेट विलायतेच्या पार्लमेंटमध्ये झाली. ख्रिस्ती झाली म्हणजे सरकारधार्जिणी झाली, असं म्हणणाऱ्यांनी हे पत्र लक्षात ठेवायला हवं.

पुढचा दुष्काळ १८९९-१९०० चा, गुजरातपर्यंत पसरलेला. तिकडूनही मुली आल्या. केडगावच्या माणसांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

दोन हजार! रोज दोन वेळा दोन हजार पानं वाढायची. धान्य, जळण, पाणी, कपडा, औषध. भाषा मराठी, गुजराती, हिंदी, कन्नड. यांतल्या कित्येक मुली हाडांचे सापळे, कित्येक घाबरलेल्या, काही चोरी करून खाणाऱ्या, काही आंधळ्या. नुसत्या दयेवर हे घर आठवडाभरही चाललं नसतं. इथे रमाबाईंमधली उद्योजिका दिसते. शेतात भाजीपाला, बाग, गाईगुरं आणि दूधदुभतं, तेलाचा घाणा, शिवणकाम, धुलाई, दोर वळणं, आणि आपल्या सोलापूरला सगळ्यांत जवळची गोष्ट म्हणजे माग. कापड तिथेच विणलं जाई. मुलीची प्रकृती, वय आणि कल पाहून तिला काम दिलं जाई. सकाळी काही तास शाळा, काही तास काम. ज्या ब्राह्मण मुलीला मजुरीची लाज वाटत होती, तिनंच इथे जातीपातीचा विचार न करता दोन हजार मुलींच्या हाताला कसब दिलं.

आणि छापखाना. बायकांनी खिळे जुळवायचे, बायकांनी मुद्रितं तपासायची, बायकांनीच यंत्र चालवायचं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि बायबलचं मराठी भाषांतर केलं, तेही खेड्यातल्या बाईला कळेल अशा भाषेत. हे काम १९०५ च्या सुमाराला सुरू झालं आणि सतराएक वर्षं चाललं. त्यातल्या धर्मविचाराशी आपला संबंध असो वा नसो, ज्या मुलींना दहा वर्षांपूर्वी आपलं नाव लिहिता येत नव्हतं, त्यांच्या हातांनी एवढा ग्रंथ जुळवला, छापला, ही मराठी मुद्रणाच्या इतिहासातली लहान गोष्ट नाही.

आपल्या शहराशी याची तुलना केल्याशिवाय मला राहवत नाही. १८७७ मध्ये सोलापुरात जुनी गिरणी सुरू झाली. दुष्काळानं गावं सोडलेली माणसं पोटासाठी गिरणीच्या दारात आली. पुढे माग आले, बिडी आली. बाईनं कांड्या भरल्या, बिड्या वळल्या, आज ती कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाकिटात घालून विकते आहे. सोलापूर बायकांच्या कष्टावर उभं आहे, हे आपण भाषणात म्हणतो. पण कष्टाबरोबर तिला अक्षर मिळालं का? हिशेब तिच्या हातात आला का? मालाची किंमत ठरवताना तिला कोणी विचारलं का? केडगावच्या मागावर बसणारी मुलगी त्याच दिवशी शाळेतही बसत होती. रमाबाईंच्या उद्योगात आणि आपल्या नेहमीच्या धंद्यात एवढाच फरक होता, आणि तोच फार मोठा होता.

आता मनोरमेकडे वळते, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. इंग्लंडमध्ये आणि पुढे अमेरिकेत शिकून ती १९०० च्या सुमाराला आईजवळ परत आली. तिला परदेशात चांगलं आयुष्य मिळालं असतं. ती केडगावच्या उन्हात आली. अमेरिकेत ती आंधळ्यांची ब्रेल लिपी शिकून आली होती, ती तिनं मुक्तीतल्या अंध मुलींना शिकवली. त्या मुली बोटांनी वाचू लागल्या, टोपल्या विणू लागल्या. आई प्रवासातून मंडळांची रचना आणि बालवाडी घेऊन आली, लेक ब्रेल घेऊन आली. या दोघींचा प्रवास असा होता. काय पाहिलं, यापेक्षा कोणासाठी काय आणलं, याला महत्त्व.

आपला रेल्वेमार्ग सोलापूरच्या पुढे गुलबर्ग्याला जातो, आजचं कलबुर्गी. तिथे १९१२ च्या सुमारास मायलेकींनी मुलींची शाळा काढली आणि मनोरमेनं तिची जबाबदारी घेतली. केडगाव एका बाजूला, गुलबर्गा दुसऱ्या बाजूला, आणि मधे आपलं सोलापूर. त्या दोघी कामासाठी या मार्गानं ये-जा करत असतील, तेव्हा आपल्याच स्टेशनावर त्यांची गाडी थांबत असणार. पांढरं साधं लुगडं, बारीक कापलेले केस, कानांनी कमी ऐकणारी एक ठेंगणी बाई. फलाटावरच्या गर्दीत किती जणांनी तिला ओळखलं असेल?

रमाबाईंच्या मनात होतं की आपल्यानंतर मनोरमा हे सगळं सांभाळील. तसं झालं नाही. २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, मनोरमा आईच्या आधी गेली. ज्या बाईनं आईची तिरडी डोक्यावर घेतली होती, जिनं भाऊ आणि नवरा दोन वर्षांच्या आत गमावले होते, तिच्या वाट्याला शेवटी हे दुःखही आलं. त्यानंतर त्या नऊ महिनेही जगल्या नाहीत. पण त्या महिन्यांत त्यांनी काम सोडलं नाही. भाषांतराची शेवटची मुद्रितं हातावेगळी केली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचं देहावसान झालं. वय चौसष्टीच्या उंबरठ्यावर.

इंग्रज सरकारनं १९१९ मध्ये त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिलं होतं. भारत सरकारनं १९८९ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. केडगावची संस्था आजही चालू आहे. सन्मानाची यादी एवढी. पण मला वाटतं, सन्मानापेक्षा त्यांना न्याय हवा आहे. त्यांचं धर्मांतर कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. ज्यांना पटत नाही, त्यांनी ते स्पष्ट म्हणावं. पण त्या एका गोष्टीच्या पडद्याआड त्यांचं बाकीचं सगळं आयुष्य आपण झाकून ठेवलं, हे मात्र बरं केलं नाही. त्या दोन हजार मुली आपल्याच होत्या. आपण त्यांना रस्त्यावर सोडलं होतं. कोणत्या देवाचं नाव घेणाऱ्या बाईनं त्यांना उचललं, हे विचारण्याआधी आपण का उचललं नाही, हे विचारायला हवं.

उदारपणाचा अर्थही त्यांच्याकडून शिकावा. आपल्याकडे उदार बाई म्हणजे दारी आलेल्याला पसाभर धान्य घालणारी. ती चांगलीच. पण रमाबाईंना भाकरीच्या तुकड्यासाठी हात पसरणं काय असतं, ते स्वतःला ठाऊक होतं. म्हणून त्यांनी भाकरी दिली आणि त्याबरोबर भाकरी मिळवायची कला दिली, म्हणजे त्या मुलीला पुन्हा कोणाच्या दारात मुकाट्यानं उभं राहावं लागू नये. लक्ष्मीबाईंनी पहाटे मांडीवर बसवून लेकीला जे दिलं, ते लेकीनं हजारोंना वाटलं. एका आईची पुंजी केवढी वाढली!

श्रोतेहो, पुढच्या वेळी पुण्याला जाल, तेव्हा दौंड सुटल्यावर वर्तमानपत्र जरा बाजूला ठेवा. केडगावची पाटी येईल. बरोबर मुलगी असेल, नात असेल, तर तिला खिडकीशी बसवा आणि सांगा, की इथे एक आई राहत होती. गाडी थांबणार नाही कदाचित. पण गोष्ट सांगायला तेवढा वेळ पुरतो. उरलेली गोष्ट पुण्यापर्यंत सांगता येईल.